संख्यात्मक इनपुटची तत्क्षण पडताळणी

संगणकाच्या पडद्यावरील चौकटीत वापरकर्ता संख्या टाइप करत असतानाच ती ग्राह्य आहे की नाही हे आज्ञावलीने तपासणे, या क्रियेस संख्यात्मक इनपुटची तत्क्षण पडताळणी असे म्हणतात. वय, रक्कम, तापमान, औषधाची मात्रा, वस्तूंची संख्या अशी माहिती स्वीकारणाऱ्या डेस्कटॉप आज्ञावल्यांमध्ये ही पडताळणी आढळते. सर्व माहिती भरून झाल्यावर एकदाच तपासणी करण्याऐवजी येथे प्रत्येक कळ दाबल्यावर, मजकूर पेस्ट केल्यावर किंवा खोडल्यावर तपासणी होते. त्यामुळे चूक जेथे घडते तेथेच लक्षात येते आणि ती दुरुस्त करणे सोपे जाते.

प्रथमदर्शनी हे काम सोपे वाटते: अंक असेल तर स्वीकारावा, नसेल तर नाकारावा. प्रत्यक्षात टाइप करताना संख्या अनेक अपूर्ण अवस्थांतून जाते आणि या अवस्था स्वतः वैध संख्या नसतात. अपूर्ण मजकुराला चूक समजणारी पडताळणी वापरकर्त्याची अडवणूक करते. याउलट, चुकीचे चिन्ह गुपचूप गाळून टाकणारी पडताळणी भलतीच संख्या निर्माण करू शकते. या दोन्ही दोषांपासून दूर राहणे हा या विषयाचा गाभा आहे.

## पार्श्वभूमी

टाइप करतानाच अंक तपासण्याची कल्पना चित्रमय संवादपटलांपेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या इ.स. १९७१ मधील ३२७० या टर्मिनलवर पडद्यावरील एखादे क्षेत्र 'संख्यात्मक' म्हणून घोषित करता येत असे. टर्मिनलवर संख्या-कुलपाची सोय असल्यास अशा क्षेत्रात अक्षराची कळ दाबताच कळफलक अडत असे. अंक, दशांश चिन्ह आणि ऋण चिन्ह मात्र स्वीकारले जात. ही तपासणी मुख्य संगणकाला न विचारता टर्मिनलवरच होत असल्याने प्रतिसाद लगेच मिळे.

पुढे खिडक्या, बटणे व मजकूर-चौकटी असलेल्या आज्ञावल्या रूढ झाल्या आणि त्या बनवण्यासाठी टीके, क्यूटी, स्विंग, जीटीके यांसारखे साधनसंच उपलब्ध झाले. माउस, पेस्ट करण्याची सोय, निवडलेल्या मजकुरावर लिहिणे आणि मजकुराच्या मध्यभागी कर्सर नेणे यांमुळे मजकूर बदलण्याचे मार्ग वाढले. केवळ दाबलेल्या कळीकडे पाहून तपासणी करणे त्यामुळे अपुरे ठरू लागले.

## पडताळणीचे स्तर

संख्या तपासताना एकमेकांपासून वेगळे असे चार प्रश्न विचारले जातात.

* चिन्हाची तपासणी: टाइप केलेले चिन्ह संख्येत येऊ शकते का? उदाहरणार्थ, अंक, दशांश चिन्ह किंवा ऋण चिन्ह.
* रचनेची तपासणी: सर्व चिन्हे मिळून संख्या तयार होते का? '१.२.३' मधील प्रत्येक चिन्ह ग्राह्य असले तरी संपूर्ण मजकूर ही संख्या नाही.
* मूल्याची तपासणी: संख्या ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे का? टक्केवारीच्या चौकटीत '२५०' ही सुघटित संख्या असली तरी ती सहसा ग्राह्य नसते.
* संदर्भाची तपासणी: इतर माहितीशी संख्येचा मेळ बसतो का? विकावयाचे नग शिल्लक साठ्याहून अधिक असतील, तर संख्या व मर्यादा दोन्ही बरोबर असूनही नोंद चुकीची ठरते.

पहिल्या दोन स्तरांची तपासणी प्रत्येक कळीगणिक करणे शक्य आणि इष्ट असते. मर्यादा ओलांडली असल्याची सूचना टाइप करताना देता येते, परंतु त्याविषयीचा अंतिम निर्णय वापरकर्ता चौकट सोडतो तेव्हा घेणे योग्य ठरते. संदर्भाची तपासणी बहुधा संपूर्ण माहिती सादर करतानाच पूर्ण होऊ शकते.

## अपूर्ण आणि अवैध यांतील भेद

एखाद्या शीतगृहाच्या आज्ञावलीत '-४.५' हे तापमान भरावयाचे आहे असे समजू. चौकटीतील मजकूर क्रमाने पुढील अवस्थांतून जातो: रिकामी चौकट, '-', '-४', '-४.' आणि '-४.५'. यांपैकी रिकामी चौकट आणि '-' यांचे संख्येत रूपांतर होत नाही. '-४.' चे रूपांतर काही भाषांत होते, तर काहींत होत नाही. प्रत्येक टप्प्यावर 'ही संख्या आहे का?' असा प्रश्न विचारून नकारार्थी उत्तर येताच कळ नाकारली, तर ऋण चिन्हच टाइप होणार नाही आणि शून्याखालील तापमान भरताच येणार नाही.

म्हणून तत्क्षण पडताळणीत विचारावयाचा योग्य प्रश्न असा आहे: 'या मजकुरात पुढे भर घालून किंवा बदल करून वैध संख्या होऊ शकते का?' उत्तर होकारार्थी असेपर्यंत मजकूर राहू द्यावा.

क्यूटी या साधनसंचातील पडताळक हे तत्त्व स्पष्टपणे वापरतात. ते होय किंवा नाही असे दोनच निकाल न देता 'ग्राह्य', 'मध्यावस्था' आणि 'अवैध' असे तीन निकाल देतात. १८ ते ६५ ही मर्यादा असलेल्या पूर्णांक-पडताळकाचे वर्तन पुढीलप्रमाणे असते.

* '१': मध्यावस्था, कारण पुढे आणखी एक अंक येऊ शकतो.
* '४२': ग्राह्य.
* '९९': मध्यावस्था. संख्या मर्यादेबाहेर असली तरी तिची अंकसंख्या कमाल मूल्याच्या अंकसंख्येहून अधिक नाही.
* '१००': अवैध, म्हणून तिसरा अंक उमटत नाही.
* '-': अवैध, कारण या मर्यादेत ऋण संख्या नाहीत.

'९९' ला मध्यावस्था मानणे अनेकांना विचित्र वाटते. त्यामागचे कारण असे, की संख्येला मर्यादेबाहेर नेणारा अंक हा शेवटी टाइप केलेला अंकच असतो असे नाही. वापरकर्ता कर्सर मागे नेऊन पहिला ९ बदलून ३ करू शकतो. अशी मोकळीक नसेल तर साधी दुरुस्तीही अवघड होते. १०० ते ९०० मर्यादेच्या चौकटीत '२५०' चे '३५०' करताना वापरकर्ता प्रथम २ खोडतो. उरलेला '५०' हा मजकूर किमान मर्यादेखाली असल्याने कठोर पडताळणी हे खोडणेच नाकारेल.

मजकूर मध्यावस्थेत असताना एंटर कळ दाबली, तर क्यूटीची मजकूर-चौकट तो सुधारण्याची एक संधी पडताळकाला देते. सुधारणा न झाल्यास नोंद पूर्ण झाल्याचा संकेत पाठवला जात नाही. अशा रीतीने टाइप करताना सैल आणि स्वीकारताना काटेकोर असे धोरण अमलात येते.

रिकामी चौकट हीसुद्धा अपूर्ण अवस्था आहे. काही आज्ञावल्या चौकट रिकामी होताच तीत '०' घालतात. परिणामी, पुढे '५' टाइप केल्यावर '०५' किंवा '५०' उमटते. शिवाय 'मूल्य भरलेले नाही' आणि 'मूल्य शून्य आहे' या दोन भिन्न अर्थांतील फरक नाहीसा होतो.

## विविध साधनसंचांतील पद्धती

टीके. टीके व त्यावर आधारित पायथॉनमधील टीकेइंटर यांच्या मजकूर-चौकटीला पडताळणीची वेळ ठरवून देता येते: प्रत्येक कळीला, चौकटीत शिरताना, चौकट सोडताना किंवा या सर्व वेळी. पडताळणी करणाऱ्या फलनाला बदल मान्य झाल्यास होणारा संपूर्ण मजकूर आगाऊ मिळू शकतो. फलनाने 'खरे' उत्तर दिल्यास बदल अमलात येतो, 'खोटे' दिल्यास मजकूर पूर्ववत राहतो. येथे नवशिक्यांची नेहमी होणारी चूक म्हणजे एखाद्या मार्गाने फलनातून कोणतेच उत्तर न देणे. खरे-खोटे स्वरूपाचे उत्तर न मिळाल्यास टीके त्या चौकटीची पडताळणी बंद करते. फलनाच्या आतूनच चौकटीतील मजकूर बदलल्यानेही पडताळणी बंद पडू शकते. आज्ञावली सुरुवातीला नीट चालते आणि नंतर काहीही स्वीकारू लागते, असे या दोषाचे लक्षण असते.

स्विंग. जावाच्या स्विंग साधनसंचात मजकूर-दस्तऐवजावर गाळणी बसवता येते. भर घालणे, बदलणे आणि खोडणे यांसाठी तीत तीन स्वतंत्र पद्धती असतात. कळफलकावरून टाइप केलेला मजकूर 'बदलणे' या मार्गाने येतो. त्यामुळे केवळ 'भर घालणे' ही पद्धत लिहिल्यास टाइप केलेली अक्षरे तपासलीच जात नाहीत. मजकूर बदलल्यानंतर सूचना मिळणाऱ्या श्रोत्यातून त्याच वेळी मजकूर बदलता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास दोष-अपवाद उद्भवतो.

विंडोज. विंडोजच्या मूळ मजकूर-चौकटीला 'केवळ अंक' अशी शैली देता येते. ही शैली अंकेतर कळी अडवते, परंतु पेस्ट केलेला अंकेतर मजकूर तिला अडवता येत नाही. शिवाय ती ऋण चिन्ह व दशांश चिन्ह स्वीकारत नसल्याने केवळ धन पूर्णांकांसाठी उपयुक्त आहे. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये कळ दाबल्याची घटना पकडून अंकेतर चिन्हे नाकारण्याची पद्धत प्रचलित आहे. मात्र तेथे बॅकस्पेस हेसुद्धा एक चिन्ह म्हणून येते. नियंत्रण-चिन्हांना सूट न दिल्यास वापरकर्त्याला स्वतःची चूक खोडताही येत नाही. डब्ल्यूपीएफमध्ये मजकूर उमटण्यापूर्वीची घटना वापरतात. मजकूर-चौकटीत ती स्पेस कळीसाठी घडत नाही, म्हणून स्पेस स्वतंत्रपणे हाताळावी लागते.

तयार संख्या-घटक. लहान बाणांनी मूल्य कमी-अधिक करता येणारे संख्या-घटक बहुतेक साधनसंचांत उपलब्ध असतात. मर्यादा, पायरी व दशांश स्थळे निश्चित असतील तेथे स्वतःची पडताळणी लिहिण्यापेक्षा हे घटक वापरणे अधिक सुरक्षित असते.

या सर्व पद्धतींतून एक सामान्य नियम निघतो. तपासणी दाबलेल्या कळीची नसून बदलानंतर होणाऱ्या संपूर्ण मजकुराची असावी. दशांश चिन्ह ग्राह्य आहे की नाही, हे चौकटीत आधीच दुसरे दशांश चिन्ह आहे की नाही यावर अवलंबून असते.

## मूक गाळणीचा धोका

नको असलेले चिन्ह काहीही न सांगता गाळून टाकणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत धोकादायक पद्धत होय. केवळ पूर्णांक स्वीकारणाऱ्या चौकटीत वापरकर्त्याने पडद्याकडे न पाहता '१.५' टाइप केले असे समजू. प्रथम १ उमटतो, दशांश चिन्ह गळून पडते आणि मग ५ उमटतो. चौकटीत '१५' ही पूर्णपणे वैध संख्या उरते, पण ती अभिप्रेत संख्येच्या दहापट असते. पडताळणी यशस्वी झाली आणि त्या पडताळणीनेच चूक निर्माण केली, असा हा प्रसंग असतो. मिलिलिटरमध्ये औषधाची मात्रा नोंदवताना अशी चूक जीवघेणी ठरू शकते.

हॅरोल्ड थिंबलबी आणि पॉल केर्न्स यांनी इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या प्रकारच्या 'दहापट चुकां'चा अभ्यास केला. अनेक उपकरणे व आज्ञावल्या रचनेतील चुका ओळखत नाहीत किंवा त्यांवर मनमानी प्रक्रिया करतात, असे त्यांनी दाखवून दिले. संवादपटलाची रचना सुधारल्यास, काही रास्त गृहीतकांच्या आधारे, अशा चुकांची शक्यता निम्म्यावर आणता येते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मूल्य गुपचूप मर्यादेत ओढून घेणे हा याच दोषाचा दुसरा प्रकार होय. कमाल १०० असताना '५००' टाइप केल्यावर आज्ञावलीने आपणहून '१००' केले, तर वापरकर्त्याला अभिप्रेत असलेली '५०' ही संख्या आणि शून्य अधिक पडल्याची खूण दोन्ही हरवतात.

पेस्ट केलेल्या मजकुराबाबतही हेच लागू होते. '१२-३४' या मजकुरातून केवळ अंक वेचून '१२३४' तयार करणे म्हणजे अंदाज बांधणे होय. आरंभीची व शेवटची मोकळी जागा काढण्यास हरकत नसते. त्यापलीकडे मजकूर संपूर्ण स्वीकारावा किंवा संपूर्ण नाकारून कारण सांगावे.

## स्थानिक लेखनपद्धती आणि देवनागरी अंक

संख्या लिहिण्याची पद्धत देशागणिक बदलते. भारतात '१.५००' म्हणजे दीड, तर जर्मनीत त्याच लेखनाचा अर्थ दीड हजार असा होतो, कारण तेथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांच्या गटासाठी बिंदू वापरतात. भारतीय पद्धतीत '१२,३४,५६७' अशी विभागणी होते. तीन-तीन अंकांचेच गट अपेक्षिणारी पडताळणी लाख व कोटींतील हे लेखन नाकारते. म्हणून दशांश चिन्ह व गटचिन्ह आज्ञावलीत कायमचे न लिहिता प्रणालीच्या प्रादेशिक मांडणीवरून घ्यावे लागते. टाइप करताना गटचिन्हे आपोआप घालत राहिल्यास कर्सर अनपेक्षितपणे सरकतो, म्हणून ती चौकट सोडल्यावर घालणे श्रेयस्कर असते.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने देवनागरी अंकांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ हे दशमान क्रमांक आहेत. इंग्रजी लेखनात वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंकांना ४८ ते ५७ हे क्रमांक आहेत. संगणकाच्या दृष्टीने ही पूर्णपणे भिन्न चिन्हे होत. प्रोग्रामिंग भाषा त्यांना वेगवेगळ्या प्रकारे वागवतात.

* पायथॉन व जावा या भाषांतील पूर्णांक-रूपांतर देवनागरी अंक स्वीकारते.
* डॉटनेटमध्ये 'हे चिन्ह अंक आहे का?' या प्रश्नाचे उत्तर देवनागरी अंकासाठी होकारार्थी येते, परंतु पूर्णांक-रूपांतर तो अंक नाकारते. केवळ पहिल्या तपासणीवर विसंबणारी आज्ञावली पुढच्या टप्प्यावर कोसळू शकते.
* जावास्क्रिप्टच्या नियमित पदावलीतील अंक-चिन्ह केवळ आंतरराष्ट्रीय अंकांशी जुळते.

युनिकोडच्या प्रादेशिक माहितीसंग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूलभूत मानले आहेत, तर हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक आहेत. त्यामुळे मराठी मांडणी निवडल्यावर आज्ञावली स्वतः '१२५' असे देवनागरीत दाखवते, पण तिची गाळणी केवळ आंतरराष्ट्रीय अंक स्वीकारते, अशी विसंगती घडू शकते. अशा वेळी आज्ञावली स्वतःच दाखवलेले मूल्य परत स्वीकारत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही अंकमालिका स्वीकारून तपासणीपूर्वी त्यांचे एका मालिकेत रूपांतर करणे.

## सूचना देण्याची पद्धत

पडताळणीचा निकाल वापरकर्त्याला समजेल असा दाखवणे हे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक कळीला संदेशाची खिडकी उघडल्यास टाइप करण्यात खंड पडतो. त्याऐवजी चौकटीच्या लगत लहान संदेश, कडेचा बदललेला रंग किंवा चिन्ह दाखवतात. केवळ रंगावर विसंबू नये, कारण रंगांध व्यक्तींना तो भेद जाणवत नाही आणि पडदा-वाचक आज्ञावलीला तो वाचून दाखवता येत नाही.

संदेशात काय चुकले यापेक्षा काय अपेक्षित आहे हे सांगावे. 'अवैध मूल्य' यापेक्षा '१८ ते ६५ मधील पूर्णांक लिहा' हे वाक्य उपयोगी असते. अपूर्ण मजकुरासाठी, चौकट सोडेपर्यंत, चुकीचा संदेश दाखवू नये. '.५' असे लिहिलेले मूल्य चौकट सोडल्यावर '०.५' असे दाखवणे हितावह असते, कारण आरंभीचे शून्य नसल्यास बिंदू नजरेतून सुटतो.

## मर्यादा

सुघटित आणि मर्यादेत बसणारी संख्या योग्यच असेल याची हमी तत्क्षण पडताळणी देऊ शकत नाही. दि. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियो शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीज या दलाली संस्थेकडून जे-कॉम कंपनीचा १ समभाग ६,१०,००० येनला विकण्याऐवजी ६,१०,००० समभाग प्रत्येकी १ येनला विकण्याची मागणी नोंदवली गेली. दोन्ही चौकटींतील संख्या सुघटित होत्या. परंतु विक्रीस काढलेले समभाग कंपनीच्या एकूण समभागांच्या चाळीस पटींहून अधिक होते. पडद्यावर आलेला इशारा दुर्लक्षिला गेला आणि संस्थेला सुमारे ४,००० कोटी येनचे नुकसान सोसावे लागले. ही चूक चिन्ह वा रचना यांच्या तपासणीत सापडण्यासारखी नव्हती. ती संदर्भाच्या तपासणीतच अडवता आली असती. ज्या इशाऱ्याला सरसकट बगल देता येते, तो पुरेसा नसतो हेही या घटनेतून दिसते.

संवादपटलावरील तपासणी हा एकमेव अडसरही असू नये. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या यूएसएस यॉर्कटाउन या नौकेवर माहितीसंग्रहातील एका क्षेत्रात शून्य भरले गेले. त्यातून शून्याने भागाकार होऊन नौकेवरील संगणक-यंत्रणा बंद पडली आणि प्रणोदन थांबले. शून्य ही संख्या म्हणून निर्दोष होती, पण भाजक म्हणून अग्राह्य होती. पडद्यावरील चौकटीने ती अडवावयास हवी होती, तसेच पुढील गणनेनेही ती तपासावयास हवी होती. माहिती फाइलमधून, जाळ्यावरून किंवा दुसऱ्या आज्ञावलीतूनही येऊ शकते आणि ती चौकटीतील पडताळणीतून जात नाही. म्हणून तत्क्षण पडताळणी ही वापरकर्त्याच्या साहाय्यासाठी असते, तर माहितीच्या शुद्धतेची अंतिम जबाबदारी ती माहिती वापरणाऱ्या गणनेवर व साठवणाऱ्या यंत्रणेवर राहते.